विल्यम मार्शलच्या मागावर

शुक्रवार : हॅमस्टेड मार्शल, मग चेपस्टो

विल्यम मार्शल १२१९ साली वारला तो कॅव्हरशॅममध्ये. आमच्या रेडिंगहून टेम्सवरचा पूल ओलांडला की कॅव्हरशॅम. जन्म साधारण ११४७चा. बाप मधल्या फळीतला अँग्लो-नॉर्मन सरदार आणि हा त्याचा चौथा मुलगा, म्हणजे वाट्याला जमिनीचा तुकडाही येण्याची आशा नाही. मरताना मात्र तो पेम्ब्रोकचा अर्ल, म्हणजे बडा सरदार होता, आयर्लंडमधल्या लेन्स्टरचा धनी होता, आणि राजा अजून पोर म्हणून इंग्लंडचा कारभार त्याच्याच हातून चालला होता. त्याची ठिकाणं एका ओळीत पाहायची हे माझ्या मनात फार दिवस होतं. ताई सुट्टीला आली होती, तिला किल्ल्यांचं वेड माझ्याहून जास्त. गाडी काढली आणि निघालो.

पहिला मुक्काम न्यूबरीजवळचं हॅमस्टेड मार्शल. गावाच्या नावातच हे घराणं आहे. केनेट नदीच्या वरच्या अंगाला, जुन्या चर्चपासून जवळच, झाडीने भरलेले मातीचे मोठे उंचवटे दिसतात. नॉर्मन लोक असे कृत्रिम टेकाड रचून त्यावर लाकडी बुरूज उभारत. आता लाकूड नाही, तट नाही, नुसती माती आणि गवत. पाटी नसती तर टेकडी समजून कोणीही पुढे गेला असता.

११५२ साली राजा स्टीफनने न्यूबरीचा किल्ला वेढला. तो किल्ला म्हणजेच ही जागा, असं बरेच इतिहासकार मानतात. इंग्लंडच्या गादीवरून स्टीफन आणि त्याची आतेबहीण... नव्हे, मामेबहीण मटिल्डा यांच्यात यादवी चालली होती आणि विल्यमचा बाप जॉन मार्शल मटिल्डाच्या बाजूचा होता. हा जॉन फार कठीण माणूस. वेरवेलच्या मठात शत्रूने आग लावली तेव्हा छताचं वितळलेलं शिसं चेहऱ्यावर पडून त्याचा एक डोळा गेला, तरी तो शरण आला नव्हता. वेढ्यात त्याने तह मागितला आणि हमी म्हणून पाच-सहा वर्षांचा विल्यम ओलीस दिला. मग शब्द मोडून किल्ल्यात रसद आणि माणसं भरली. स्टीफनने निरोप धाडला, पोराला फाशी देतो. बापाचं उत्तर आलं : खुशाल द्या, माझ्याकडे हातोडा आणि ऐरण अजून शाबूत आहे, याहून चांगले मुलगे घडवीन.

"बाप खरंच असं बोलला असेल?" ताईने विचारलं. तिचे दोन मुलगे आता मोठे झालेत, पण तिचा आवाज बदलला होता.

ही हकीकत येते ती विल्यमच्या थोरल्या मुलाने लिहून घेतलेल्या पद्यचरित्रातून. जुन्या फ्रेंचमध्ये, एकोणीस हजारांहून जास्त ओळी. त्याची एकच हस्तलिखित प्रत उरली. पॉल मेयर या फ्रेंच अभ्यासकाने ती १८६१ साली लंडनच्या लिलावात पाहिली, ती दुसऱ्याने विकत घेतली, आणि पुढे वीस वर्षं शोध घेऊन मेयरने ती पुन्हा गाठली. चरित्र मुलानेच लिहवून घेतलेलं, तेव्हा त्यात गौरव असणारच. पण घराण्याच्या गौरवग्रंथात आजोबाचं असं क्रूर वाक्य कोणी मुद्दाम रचून घालेल, हे मला पटत नाही. स्टीफन मनाने मऊ आहे हे जॉन ओळखून होता, असं फार तर म्हणता येईल.

स्टीफनला ते पोर मारवेना. फासाकडे नेताना विल्यमने एका सरदाराच्या हातातला भाला खेळायला मागितला. राजाने त्याला परत फिरवलं. पुढे एके दिवशी राजाच्या तंबूत दोघं गवताचे लांब देठ घेऊन नाइट-नाइट (नाइट म्हणजे चिलखती घोडेस्वार) खेळत बसले होते आणि पोराने राजाच्या देठाचं डोकं उडवलं, असंही त्या चरित्रात आहे. इंग्लंडच्या पुढच्या पाऊणशे वर्षांचा केवढा भाग त्या एका माणसाच्या दयेवर अवलंबून होता, हे त्या टेकाडावर उभं राहिल्यावर मला नीट कळलं.

दुपारी एम-फोर महामार्गाने पश्चिमेला निघालो. विल्यमचं तारुण्य फ्रान्समध्ये गेलं. बारा-तेरा वर्षांचा असताना बापाने त्याला नॉर्मंडीत टांकारव्हिलच्या सरदाराकडे धाडलं. ११६६ च्या सुमारास नाइट झाला आणि लगेच एका चकमकीत जीव तोडून लढला. त्यात त्याचा घोडा मेला. रात्री जेवताना एसेक्सच्या अर्लने सगळ्यांसमोर त्याच्याकडे भेट मागितली : घोड्याच्या साजातलं काहीतरी दे. विल्यमकडे द्यायला काहीच नव्हतं, कारण लढण्याच्या नादात त्याने कुणाला पकडलंच नव्हतं. अर्लचा सांगावा होता तो. शत्रूला जिवंत धरायचं, त्याचा घोडा आणि चिलखत घ्यायचं, सोडायला पैसे घ्यायचे, त्यावर नाइटचं पोट.

विल्यम हे शिकला तो कायमचा. त्या काळचे टुर्नामेंट म्हणजे प्रेक्षकांपुढे दोघांनी भाले मोडणं नव्हे. मैलच्या मैल उघड्या मुलखात दोन तट एकमेकांवर तुटून पडत, आणि पकडलेल्याकडून खंडणी. त्याने रॉजर द गोजी नावाच्या नाइटबरोबर भागीदारी केली आणि जेमतेम दहा महिन्यांत दोघांनी १०३ नाइट पकडले. हा आकडा हिशेब ठेवणाऱ्या कारकुनाच्या नोंदीतून आला आहे. मरताना विल्यमने स्वतः सांगितलं, आयुष्यात पाचशे पकडले.

मुक्काम चेपस्टो.

शनिवार : चेपस्टो आणि टिंटर्न

सकाळी लवकर वाय नदीच्या पलीकडे, इंग्लंडच्या बाजूला गेलो. चेपस्टोचा किल्ला तिथूनच पाहावा. चुनखडीचा कडा सरळ नदीत उतरतो आणि त्याच दगडातून तट वर निघाल्यासारखा दिसतो. ओहोटी होती. सेव्हर्नच्या खाडीत भरती-ओहोटीचा फरक जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी, आणि त्याचा परिणाम वायवर इथपर्यंत. नदी खोल घळीत गेली होती आणि दोन्ही काठांवर चिखलाच्या चकचकीत भिंती उभ्या होत्या.

किल्ल्याची सुरुवात १०६७ ची, म्हणजे नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं त्या हेस्टिंग्जच्या लढाईनंतर वर्षभरातली. जुन्या मोठ्या दालनाच्या भिंतीत नारिंगी विटांचा पट्टा दिसतो. त्या रोमन विटा आहेत, बहुधा जवळच्या केअरवेंटमधून आणलेल्या. पण आम्ही आलो होतो दरवाजासाठी. मार्शलने बांधलेल्या देवडीच्या दरवाजाची दोन्ही लाकडी दारं आज किल्ल्यात आत ठेवली आहेत. लाकडातल्या वार्षिक वलयांवरून तपासणी झाली तेव्हा ती ११९० च्या आधीची निघाली, युरोपातल्या किल्ल्यांच्या दारांमध्ये सर्वांत जुनी. १९६२ पर्यंत ती जागेवरच टांगलेली होती. बाहेरून लोखंडी पत्रे ठोकलेले. मागून पाहिलं तर आडव्या-उभ्या ओक वाशांची जाळी, सांधे खाचेत खुंटी बसवून केलेले. ताई सुताराच्या घरातली सून. ती त्या सांध्यांपुढून हलेना. "हे काम आजही असंच करतात," ती म्हणाली, "फक्त इतकं जड लाकूड आता कोणी वापरत नाही."

हा किल्ला त्याला मिळाला बायकोमुळे, आणि बायको मिळाली राजाशी इमान राखल्यामुळे. ११८९ च्या जूनमध्ये राजा दुसरा हेन्री ल मान्सहून पळत होता आणि त्याचाच मुलगा रिचर्ड त्याचा पाठलाग करत होता. पिछाडीला विल्यम. रिचर्ड चिलखत न घालता पुढे आलेला. विल्यमचा भाला रोखलेला पाहून तो ओरडला, मला मारू नकोस, मी निःशस्त्र आहे. विल्यम म्हणाला, तुला सैतान मारो, मी मारणार नाही, आणि भाला घोड्यात घुसवला. महिनाभरात हेन्री मेला आणि तोच रिचर्ड राजा झाला. मार्शलचं आता संपलं, असं सगळ्यांना वाटलं. रिचर्ड म्हणाला, परवा तू मला मारायला निघाला होतास. विल्यमने उत्तर दिलं, मला मारायचंच असतं तर भाला घोड्याकडे वळवला नसता. रिचर्डने त्याला माफ केलं आणि इझाबेल द क्लेअरशी लग्नाची आधीच ठरलेली गोष्ट पक्की केली.

इझाबेल सतरा-अठरा वर्षांची, तो चाळिशी ओलांडलेला. तिचा बाप 'स्ट्राँगबो' म्हणून प्रसिद्ध असलेला रिचर्ड द क्लेअर, आई लेन्स्टरच्या आयरिश राजाची मुलगी ईफा. चेपस्टो, वेल्समधल्या जहागिऱ्या, लेन्स्टर, सगळी दौलत तिच्या नावाची. लग्नात तिला कोणी विचारलं नसणार. तरी पुढची तीस वर्षं पाहिली तर ती नवऱ्याच्या सल्लामसलतीत बसलेली दिसते, आणि त्याच्या गैरहजेरीत किल्लाही लढवताना दिसते.

वाय नदीकाठाने वर पाच मैलांवर टिंटर्नचा मठ. छत नाही, पण पश्चिमेच्या खिडकीची दगडी नक्षी अजून आकाशावर काढल्यासारखी उभी आहे. आज दिसणारी इमारत मार्शलच्या नंतरची. इझाबेल १२२० साली वारली आणि तिला याच मठात पुरलं. तिची समाधी दाखवणारं तिथे काही नाही. ताईने गवतात एक मिनिट थांबून नमस्कार केला. मग आम्ही पेम्ब्रोककडे निघालो.

रविवार : पेम्ब्रोक

इथला मोठा गोल बुरूज मार्शलचा. उंची सुमारे २४ मीटर, माथ्यावर दगडी घुमट, आणि आत आज एकही मजला नाही. खाली उभं राहून वर पाहिलं की थेट घुमटाच्या पोटात नजर जाते. त्या काळी इंग्लंडमधले बहुतेक बालेकिल्ले चौकोनी होते. चौकोनाच्या कोपऱ्याखाली सुरुंग खणला की कोपरा ढासळतो. गोलाला कोपराच नसतो. फ्रान्समध्ये वीस वर्षं लढलेल्या माणसाने तिथली विद्या इथे दगडात उतरवली. जिन्याने वर गेलो तेव्हा वारा असा होता की बोलणं ऐकू येईना. तीन बाजूंनी पाणी, आणि पश्चिमेला आयर्लंडचा रस्ता.

हा बुरूज पाहताना त्याच्या आयुष्यातला सर्वांत अवघड काळ डोळ्यांपुढे येतो. ११९९ साली रिचर्डनंतर गादीवर आलेल्या राजा जॉनने त्याला पेम्ब्रोकचा अर्ल केलं. पाच वर्षांत जॉनने नॉर्मंडी गमावली. ज्या सरदारांच्या जमिनी दोन्ही किनाऱ्यांवर होत्या त्यांच्यापुढे प्रश्न आला : एका राजाचे व्हा, दुसरीकडची जमीन सोडा. बहुतेकांनी सोडली. मार्शलने १२०५ साली फ्रान्सचा राजा फिलिप याच्यापुढे नॉर्मंडीतल्या जमिनीपुरती शपथ घेतली आणि जमीन राखली. जॉनचं म्हणणं, ही फितुरी. मार्शलचं म्हणणं, तुमची परवानगी घेऊन गेलो होतो. इमानदार म्हणून ज्याची ख्याती, त्याच्या आयुष्यातली ही जागा मला खटकते आणि ती लपवू नये असं वाटतं. चौथा मुलगा म्हणून रिकाम्या हाताने घराबाहेर पडलेल्याला मिळवलेली जमीन सोडवत नाही, हे त्यामागचं खरं कारण असावं.

जॉनने त्याचे दोन मुलगे एकामागून एक ओलीस ठेवून घेतले. लहानपणी स्वतः फासाच्या दोरापर्यंत गेलेल्या माणसाने आपली मुलं राजाच्या हवाली केली. ताईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग तो बापापेक्षा वेगळा कसा?" वेगळा होता तो इथे : बापाने शब्द मोडून मुलाला मरणाच्या दारात उभं केलं, आणि मार्शलने मुलं ओलीस असेपर्यंत जॉनला बंडाचा आरोप करायला एकही निमित्त दिलं नाही. राजाने कितीही डिवचलं तरी नाही.

दुपारच्या बोटीने पेम्ब्रोक डॉकहून रोझलेअर. चार तास, समुद्र शांत.

सोमवार : हूक

मार्शलची पहिली आयर्लंड-वारी अशी शांत नव्हती. १२०० च्या सुमारास तो निघाला आणि वादळात सापडला. जिथे सुखरूप टेकेन तिथे मठ बांधीन, असा त्याने नवस केला. वेक्सफर्डमधल्या बॅनो बेच्या टोकाला तो टेकला आणि नवस फेडला. मठात वेल्समधल्या टिंटर्नचे सिस्टर्शियन पंथाचे साधू आणून बसवले, म्हणून यालाही नाव टिंटर्न. पुढे मठ मोडले गेले तेव्हा तो एका इंग्रज घराण्याला मिळाला आणि १९५९ पर्यंत त्यात माणसं राहत होती. मठाच्या मधल्या बुरुजात त्यांनी केलेल्या खोल्यांच्या खुणा आहेत. एका भिंतीत कमान, तिच्या पोटात नंतरची खिडकी, खिडकीच्या बाजूला चूल. मला ही गल्लत फार आवडली.

मग हूकचं टोक. या प्रवासातलं सर्वांत मोलाचं ठिकाण कोणतं असं विचाराल तर हे. एक निमुळतं द्वीपकल्प समुद्रात गेलंय, झाड नाही, काळे सपाट खडक, आणि टोकाला काळे-पांढरे पट्टे रंगवलेला जाडजूड दीपस्तंभ. मार्शलने नदीवर आत न्यू रॉस हे बंदर वसवलं. तिथे येणारी जहाजं या खडकांवर फुटू नयेत म्हणून तेराव्या शतकाच्या सुरुवातीला हा बुरूज उभा राहिला. आठशे वर्षं झाली, दिवा अजून लागतो. आधी शेकोटी, मग तेल, मग गॅस, आता वीज.

११५ पायऱ्या. जिना भिंतीच्या जाडीतून फिरत वर जातो. भिंत खालच्या बाजूला चार मीटरपर्यंत जाड. खालच्या मजल्यांवर घुमटाकार छतं आहेत आणि त्यांच्या चुन्यात वेताच्या विणीचे ठसे उमटलेले आहेत. छत घडवताना खालून आधाराला विणलेल्या चटया लावल्या होत्या. त्या कधीच काढल्या, ठसा राहिला. दाखवणाऱ्या बाईंनी माझा हात धरून तो ठशावर टेकवला. "ज्याने ही चटई विणली त्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही," त्या म्हणाल्या, "पण काम बघा." इथला दिवा जवळच्या मठातले साधू सांभाळत. कोळसा, लाकूड, डांबर पाठीवर घेऊन रोज या पायऱ्या. वर गेल्यावर वाऱ्याने ताईची ओढणी गेली ती थेट समुद्रात.

किल्ले बांधणारे सरदार त्या काळी पैशाला पासरी होते. दीपस्तंभ बांधणारा मला दुसरा माहीत नाही. स्वतःच्या बंदराची जकात वाढावी हा त्यात हेतू होताच, तरी रात्रीच्या अंधारात दिवा शत्रूच्या जहाजालाही दिसतो.

मंगळवार : किल्केनी

किल्केनीला थोडाच वेळ मिळाला. नोर नदीवरचा मार्शलचा दगडी किल्ला चार बुरुजांचा होता, त्यातले तीन उरलेत. १३९१ नंतर तो बटलर घराण्याकडे गेला आणि आतला थाट त्यांचा, मार्शलचा काही नाही. १२०७ साली जॉनने मार्शलला इंग्लंडला बोलावून घेतलं तेव्हा त्याने इथेच आपल्या माणसांपुढे गर्भार इझाबेलला उभं केलं आणि सांगितलं, ही तुमच्या धन्याची मुलगी, ही जमीन तिच्यामुळे माझी, मी येईपर्यंत हिला जपा. राजाच्या माणसांनी लेन्स्टरवर हल्ला केला. किल्ल्याला वेढा पडला तेव्हा इझाबेलने एका माणसाला दोराने तटाखाली उतरवून मदत मागवली. वेढा उठला.

थोरल्या मुलानंतर अर्ल झालेला रिचर्ड मार्शल १२३४ साली याच किल्ल्यात जखमांनी मेला. त्याचं पुढे सांगतो. संध्याकाळी परत रोझलेअर.

बुधवार : ग्लॉस्टर

ग्लॉस्टरचं कॅथेड्रल त्या वेळी सेंट पीटरचा मठ होता. १२१६ च्या ऑक्टोबरात जॉन वारला. त्या क्षणी फ्रान्सचा युवराज लुई लंडनमध्ये बसलेला, निम्म्याहून जास्त सरदार त्याच्या बाजूला. वारस हेन्री नऊ वर्षांचा. २८ ऑक्टोबरला त्याला इथे आणलं. वेस्टमिन्स्टर शत्रूच्या हाती, खरा मुकुट जवळ नाही, म्हणून साधं सोन्याचं कडं डोक्यावर ठेवलं. त्याआधी मार्शलने त्याला नाइट केलं. सत्तरीला आलेल्या मार्शललाच आता राज्य सांभाळायला सांगितलं. त्याने नको म्हटलं, एक रात्र मागितली, आणि दुसऱ्या दिवशी पत्करलं. सगळे राजाला सोडून गेले तरी मी त्याला खांद्यावर घेऊन बेटामागून बेट हिंडेन, भीक मागून खाईन पण सोडणार नाही, असं तो त्या वेळी म्हणाल्याचं चरित्रात आहे.

आणि दोन आठवड्यांत, १२ नोव्हेंबरला, ब्रिस्टॉलमध्ये त्याने जे केलं ते त्याच्या साऱ्या लढायांहून मोठं. मॅग्ना कार्टा, म्हणजे राजाच्या सत्तेला मर्यादा घालणारी सनद, बंडखोर सरदारांनी १५ जून १२१५ ला रनीमीडच्या कुरणात जॉनकडून घेतली होती. दहा आठवड्यांत पोपने ती रद्द ठरवली. ती बंडखोरांची सनद होती आणि मार्शल राजाच्या बाजूचा. तिला मूठमाती देणं त्याला सहज शक्य होतं. त्याऐवजी त्याने राजावर पंचवीस सरदारांची देखरेख ठेवणारं कलम आणि अशीच आणखी काही कलमं काढली, आणि बाकी सनद राजाच्या नावाने पुन्हा जाहीर केली. पोर राजाचा स्वतःचा शिक्का नव्हता. म्हणून तिच्यावर शिक्के लागले ते पोपचा वकील ग्वाला याचा आणि विल्यम मार्शलचा. बंडखोरांच्या हातातलं निशाणच त्याने घेतलं. एक मागणी होती तिचं राजाने दिलेलं वचन झालं, आणि वचन म्हणूनच ती टिकली. त्या १२१६ च्या प्रतींपैकी एकच आज उरली आहे, डरहॅममध्ये. कॅथेड्रलच्या मठाच्या ओवऱ्यांमधून फिरताना आम्ही दोघं याच्यावरच बोलत होतो. पंख्यासारखं पसरत जाणारं तिथलं दगडी छत मी दुसऱ्या फेरीत पाहिलं.

गुरुवार : लिंकन

लिंकनला खालच्या शहरातून स्टीप हिल नावाची चढण आहे, नावाला जागणारी. वर एका बाजूला कॅथेड्रल, दुसऱ्या बाजूला किल्ला, मध्ये छोटा चौक. २० मे १२१७ ची लढाई याच गल्ल्यांत झाली. किल्ला राजाच्या बाजूने लढवत होती निकोला द ला हे, साठीच्या पुढची विधवा. शहर फ्रेंच आणि बंडखोरांच्या हातात. तिने महिनोन्महिने तग धरला होता. ताईने किल्ल्यात तिच्याबद्दलचं सगळं वाचून काढलं आणि मला हाक मारमारून सांगितलं.

मार्शल उत्तरेकडून आला. हल्ल्याची घाई इतकी की घोड्याला टाच मारली तेव्हा शिरस्त्राण घालायचंच राहिलं. पोऱ्याने हाक मारून थांबवलं, तेव्हा घातलं. मग शत्रूच्या फळीत तीन भाल्यांइतका आत घुसला. कॅथेड्रलसमोर फ्रेंचांचा सेनापती पेर्शचा काउंट मेला. भाल्याचं टोक शिरस्त्राणाच्या डोळ्याच्या फटीतून आत गेलं. तो मार्शलच्या नात्यातला होता आणि मार्शलला त्याच्या मरणाचं दुःख झालं, असं चरित्र सांगतं.

चरित्र जे फारसं सांगत नाही ते एका मठवासी बखरकाराने लिहून ठेवलंय. विजयी सैन्याने शहर लुटलं, चर्चंसुद्धा. या लुटीला नंतर थट्टेने 'लिंकनची जत्रा' म्हटलं गेलं. बायका मुलांना घेऊन होड्यांमधून पळाल्या, होड्या गर्दीने उलटल्या आणि त्या नदीत बुडाल्या. ब्रेफर्डच्या तळ्याकाठी आज हॉटेलांच्या रांगा आहेत, तिथे उभं राहून आम्ही हे वाचलं. नदी तीच. मार्शलचा मोठेपणा मी मानतो, पण त्या दिवशी त्याचं सैन्य त्याच्या हाताखाली होतं, आणि त्या बायका कुणाच्या बाजूच्या होत्या हे कुणी विचारलं नाही.

किल्ल्यात तळघरासारख्या दालनात मॅग्ना कार्टाची १२१५ ची मूळ प्रत आहे, कॅथेड्रलच्या मालकीची. प्रकाश मंद. अक्षर अतिशय बारीक, ओळी सलग, कलमांना आकडे नाहीत. आकडे नंतरच्या लोकांनी घातले. तिथेच १२१७ ची जंगलाची सनद. राजाच्या राखीव जंगलांमध्ये सामान्य माणसाने सरपण गोळा करणं, डुकरं चारणं यावर जाच होता, तो हिने हलका केला आणि हरीण मारलं म्हणून जीव किंवा हातपाय घेण्याची शिक्षा बंद केली. तीही मार्शलच्याच कारभारातली. या धाकट्या सनदेपासून वेगळी ओळखावी म्हणून मोठीला 'मॅग्ना' म्हणजे मोठी म्हणू लागले. मी म्हणेन, लिंकनला जाऊन धाकटी जास्त वेळ पाहा.

शुक्रवार : कॅव्हरशॅम आणि टेम्पल

सकाळी कॅव्हरशॅमच्या काठाने चाललो. मार्शलच्या वाड्याचा मागमूस नाही. १२१९ च्या वसंतात दुखणं बळावलं तेव्हा त्याने लंडनहून होडीने इथे आणवून घेतलं. मरायचं ते आपल्या घरी.

शेवटच्या दिवसांचं वर्णन हा त्या चरित्रातला सर्वांत जिवंत भाग आहे. एका कारकुनाने सुचवलं, कोठीत अस्तर लावलेले ऐंशी झगे आहेत, ते विकून दानधर्म करा. मार्शल संतापला. पेंटेकोस्टच्या सणाला माझ्या नाइटांना कपडे द्यायचे असतात, ते आधी. धर्मगुरू म्हणत, टुर्नामेंटमध्ये लुटलेलं सगळं परत कर, नाहीतर मुक्ती नाही. तो म्हणाला, पाचशे माणसांचं मी आता कुठून परत करू? देवाचं दार एवढ्यासाठी बंद असेल तर कुणीच आत जाणार नाही. एके दिवशी त्याला गाणं म्हणावंसं वाटलं. मुलींना बोलावलं. मॅटिल्डा गायली, मग जोन गायली, लाजत, आणि बापाने तिला सूर कसा धरायचा ते सांगितलं.

तीस-पस्तीस वर्षांपूर्वी तो जेरुसलेमला गेला होता. त्याचा तरुण धनी, दुसऱ्या हेन्रीचा थोरला मुलगा, ११८३ साली मार्तेल इथे मेला. त्याने घेतलेला क्रुसेडचा नवस विल्यमने त्याच्या वतीने फेडला. तिथून त्याने आपल्या तिरडीवर घालायला दोन रेशमी वस्त्रं आणली होती आणि कुणाला न सांगता जपली होती. ती आता काढली. तिथेच त्याने शब्द दिला होता की मरताना टेम्पलर, म्हणजे धर्मयुद्ध लढणाऱ्या संन्यासी नाइटांच्या पंथातला, होईन. वर्षभर आधी शिवून ठेवलेला पांढरा झगा आला. टेम्पलरला स्त्रीला आलिंगन देता येत नाही. म्हणून आधी इझाबेलला म्हणाला, मला एकदा मिठी मार, यापुढे कधी नाही. १४ मे रोजी दुपारी तो गेला. रेडिंगच्या मठात प्रार्थना झाली, मग वेस्टमिन्स्टरमार्गे टेम्पल. आम्ही मठाच्या पडक्या भिंतींमधून स्टेशनकडे गेलो.

टेम्पल चर्च फ्लीट स्ट्रीटच्या मागे वकिलांच्या वस्तीत आहे. ११८५ साली जेरुसलेमच्या धर्मप्रमुखाने या गोल चर्चचं उद्घाटन केलं. गोलाच्या फरशीवर नाइटांचे दगडी पुतळे पालथे नव्हे, उताणे झोपलेले आहेत. मार्शलच्या पुतळ्याच्या ढालीवर सिंह, हात तलवारीवर. १० मे १९४१ च्या रात्री जर्मन बॉम्बने छत पेटून या पुतळ्यांवर कोसळलं. चेहऱ्याचे तपशील त्यात गेले. जवळून पाहिलं की दगड कसा तडकला ते दिसतं.

याच ठिकाणी, मॅथ्यू पॅरिस हा बखरकार सांगतो, फर्न्सचा आयरिश बिशप आला होता. मार्शलने त्याच्या चर्चच्या दोन जहागिऱ्या बळकावल्या होत्या. बिशपने मुलांना सांगितलं, परत द्या म्हणजे मी शाप मागे घेतो. मुलांनी नाही म्हटलं. शाप असा की घराण्याचा पुरुष वारस उरणार नाही. पाचही मुलगे एकामागून एक अर्ल झाले. विल्यम १२३१ मध्ये गेला, रिचर्ड १२३४ मध्ये किल्केनीत, गिल्बर्ट १२४१ मध्ये एका टुर्नामेंटमध्ये, वॉल्टर आणि अन्सेल्म १२४५ मध्ये काही आठवड्यांच्या अंतराने. एकालाही औरस मूल नाही. जमीन मुलींच्या घराण्यांमध्ये वाटली गेली आणि 'मार्शल' हे घराण्याचं दरबारी पद मॅटिल्डाच्या मुलाकडे गेलं. शापावर माझा विश्वास नाही. पण त्या दोन जहागिऱ्या परत करायला हव्या होत्या, असं मला वाटतं.

जाणार असाल तर : हूकला गाडीशिवाय जाणं अवघड आहे, आणि वर फक्त माहीतगारासोबतच सोडतात. टेम्पल चर्च उघडण्याच्या वेळा बदलत्या असतात, निघण्याआधी पाहून घ्या. चेपस्टोला ओहोटी आणि भरती दोन्ही पाहायची असेल तर मुक्काम करा. लिंकनची चढण चढायची नसेल तर वरपर्यंत बस आहे.